कारखाना रायगडात, भाव ठरतो कुठे?

माणगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे असाल, तर गाडी किती लेट आहे ते बघून झालं, रील्स बघून झाल्या की तुमच्यातले बरेच जण हल्ली आणखी एक ॲप उघडतात. डीमॅटचं. हिरवे-लाल आकडे आणि वर-खाली जाणारी एक रेघ. लोणेऱ्याचं हॉस्टेल असो की एसटी स्टँडजवळची चहाची टपरी, "कुठला घेतलास?" हा प्रश्न आता मोबाइलबद्दल नसतो, शेअरबद्दल असतो.

आता त्या मित्राला एक साधा प्रश्न विचारून बघा. हा जो आकडा दिसतोय, तो नेमकी कशाची किंमत सांगतो? कंपनीच्या यंत्रांची? जमिनीची? यंदाच्या नफ्याची? बहुतेक जण इथे अडखळतात. कॉमर्सवालेसुद्धा. "२० रुपयांचा शेअर स्वस्त आणि ३ हजारांचा महाग" असं मानून पैसे टाकणारे तर कट्ट्याकट्ट्यावर भेटतील.

म्हणून व्याख्या जरा बाजूला ठेवू आणि आपल्याच वाटेवरच्या कंपन्या बघू. मुंबईहून महामार्गाने घरी येताना वडखळजवळ डोलवीचा पोलाद कारखाना दिसतो, पुढे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना. दोन्ही ठिकाणी शेअरच्या भावाने मोठ्या उलथापालथी घडवल्यात. सुरुवात मात्र स्टेशनवरूनच करू.

कोकण रेल्वे महामंडळाचा शेअर तुम्हाला बाजारात मिळणार नाही. त्याची मालकी केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या चार राज्यांकडे आहे. पण आपण ज्या ॲपवरून तिकीट काढतो, ती आयआरसीटीसी ऑक्टोबर २०१९ मध्ये शेअर बाजारात आली. ३२० रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी मुंबई शेअर बाजारात ६४४ वर उघडला. दोन वर्षांत तो ४ हजारांच्या पुढे गेला.

मग आला २८ ऑक्टोबर २०२१. त्या दिवशी शेअरचा भाव थेट नऊशेच्या घरात दिसायला लागला. ज्याला माहीत नव्हतं त्याच्या पोटात गोळा आला असेल, पण भाव पडला नव्हता. १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर केले होते. भाकरीचे दोनाऐवजी दहा तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, तसंच हे. उलट त्या दिवशी भाव चढला होता आणि ९१३ रुपयांच्या आसपास बंद झाला. एका शेअरचा भाव एकटा काहीच सांगत नाही, तो किती शेअरनी गुणायचा हे कळल्याशिवाय. आयआरसीटीसीचे शेअर झाले होते ८० कोटी. गुणा. साधारण ७३ हजार कोटी रुपये. यालाच मार्केट कॅप, म्हणजे कंपनीचं बाजारमूल्य म्हणतात.

त्याच संध्याकाळी कंपनीने शेअर बाजाराला एक पत्र दिलं. तिकीट काढताना आपण जे 'कन्व्हिनियन्स शुल्क' भरतो, त्यातला निम्मा वाटा १ नोव्हेंबरपासून रेल्वे मंत्रालयाला द्यायचा, असं मंत्रालयाने कळवलंय. तुम्ही स्लीपरचं तिकीट काढता तेव्हा १५ रुपये, यूपीआयने काढलं तर १०, तेच हे शुल्क.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाजार उघडला आणि शेअर सुमारे २९ टक्क्यांपर्यंत कोसळला. ९१३ वरून साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे बाजारमूल्य ७३ हजार कोटींवरून ५२ हजार कोटी. सकाळच्या चहाचे कप विसळून होईपर्यंत २० हजार कोटी गेले!

आता गंमत बघा. २०२०-२१ या वर्षात या शुल्कातून कंपनीला मिळाले होते सुमारे ३०० कोटी. त्यातले निम्मे म्हणजे दीडशे कोटी मंत्रालय मागत होतं. दीडशे कोटींसाठी २० हजार कोटी? हिशेब लागत नाही ना? लागतो. शेअर घेणारा माणूस या वर्षीच्या नफ्याचे पैसे मोजत नाही. पुढच्या कितीतरी वर्षांत ही कंपनी काय कमावेल, याचा अंदाज बांधून तो आजच भाव देतो. त्यामुळे दरवर्षीचे दीडशे कोटी कमी झाले, की पुढच्या सगळ्या वर्षांची वजाबाकी एकाच सकाळी होते. त्यावर आणखी एक भीती बसते, आणि माझ्या मते त्या दिवशीची खरी पडझड तिनेच केली. आज मालकाने गल्ल्यात हात घातला, निम्मं घेतलं. उद्या तो पुन्हा घालणार नाही कशावरून?

मालक कोण? सरकारच. आयआरसीटीसीचे ६७.४ टक्के शेअर तेव्हा सरकारकडे होते. म्हणजे त्या २० हजार कोटींमधले जवळपास १४ हजार कोटी सरकारच्याच खिशातून, निदान कागदावर, गळाले. त्याच दिवशी केंद्राच्या निर्गुंतवणूक विभागाचे सचिव तुहिन कांत पांडे यांनी ट्विट केलं, रेल्वे मंत्रालयाने निर्णय मागे घेतलाय. शेअर पुन्हा उसळला आणि ८४५ च्या आसपास बंद झाला. हेच पांडे पुढे, २०२५ मध्ये, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे अध्यक्ष झाले.

कुणी मोर्चा काढला नाही, कुणी कोर्टात गेलं नाही. विकणाऱ्यांनी फक्त विकलं आणि मंत्रालयाचा निर्णय एका दिवसात बदलला. शेअरचा भाव कंपनीचा आरसा असतो, असं आपण शिकतो. पण आरशाने वळून चेहऱ्यालाच दम दिला, असा हा प्रकार होता.

एक गुंठा विकला गेला म्हणून…

ते २० हजार कोटी गेले कुठे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ते कुणीच नेले नाहीत, कारण ते नोटांच्या रूपात कधी नव्हतेच.

आपल्याकडची जमीन आठवा. हायवेलगत कुणीतरी एक गुंठा चांगल्या भावाने विकतो. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी होते आणि ज्याची ज्याची जमीन आहे तो मनातल्या मनात आपल्या सगळ्या गुंठ्यांना तोच भाव लावतो. "आपण करोडपती!" खरं तर विकला गेलाय एकच गुंठा. सगळ्यांनी एकदम विकायला काढलं तर तो भाव टिकणार आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने देशातल्या १२ नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात आपलं दिघी होतं. शेतात गवताची काडी हलली नाही, तरी आपल्या भागात जमिनीच्या भावाच्या गप्पा सुरू झाल्या.

शेअर बाजारात हेच घडतं, फक्त सेकंदासेकंदाला. शेवटचा सौदा ज्या भावाने झाला, तो कंपनीच्या सगळ्या शेअरना लावला जातो. अलिबाग तालुक्यातल्या थळला खत कारखाना असलेली आरसीएफ घ्या. तिचे ७५ टक्के शेअर सरकारकडे आहेत, ते रोजच्या बाजारात येतच नाहीत. उरलेल्या पाव हिश्श्यातले थोडेसे रोज हात बदलतात आणि त्यावरून अख्ख्या कंपनीची किंमत ठरते.

आणि हो, तुम्ही ॲपवरून शेअर घेता तेव्हा तुमचे पैसे कंपनीला जात नाहीत. ते शेअर विकणाऱ्याला जातात. जुनी बाइक घेतल्यावर पैसे शोरूमला मिळत नाहीत, तसंच. कंपनीला पैसे मिळतात ते नवे शेअर काढून विकले तरच.

मग भाव पडला काय, चढला काय, कंपनीला काय फरक पडतो? बराच पडतो. भाव चढा असेल तर थोडे नवे शेअर विकून जास्त पैसे उभे करता येतात. रोख न देता, स्वतःचे शेअर देऊन दुसरी कंपनी घेता येते. प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवून कर्ज काढलेलं असेल आणि भाव पडला, तर सावकार आणखी तारण मागतो, नाही दिलं तर ठेवलेले शेअर विकून टाकतो. आणि मालकाला हिस्सा विकायचा असेल तेव्हा प्रत्येक रुपया मोजावा लागतो. आयआरसीटीसीचंच बघा. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आणखी ५ टक्के, म्हणजे ४ कोटी शेअर विकायला काढले, किमान ६८० रुपये भावाने. एका रुपयाचा फरक म्हणजे ४ कोटींचा फरक. निर्गुंतवणूक विभागाला त्या शुक्रवारी एवढी घाई का झाली असेल, याचा थोडा अंदाज येतो.

नागोठण्याचे दोन भाव

आता नागोठण्याला उतरू. रोहा तालुक्यातला हा कारखाना आज रिलायन्सचा म्हणून ओळखला जातो. घरच्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या तोंडी अजून 'आयपीसीएल' हेच नाव येईल. इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, १९६९ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. बडोदा, नागोठणे आणि गुजरातमधलंच गंधार असे तिचे तीन कारखाने. वर्गातल्या बादलीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत जे प्लास्टिक लागतं, त्याचा कच्चा माल इथे बनतो.

२००२ मध्ये वाजपेयी सरकारने या कंपनीतला २६ टक्के हिस्सा विकायला काढला. अरुण शौरी तेव्हा निर्गुंतवणूक मंत्री होते. नुसते शेअर नव्हते, त्यासोबत कंपनी चालवण्याचा अधिकारही मिळणार होता. सरकारने मनाशी किमान भाव ठरवला होता शेअरमागे १३१ रुपये. पाकिटं उघडली. निरमाने दिला होता ११० रुपये, इंडियन ऑइलने १२८. दोघेही किमान भावाच्या खाली. आणि रिलायन्सचा आकडा होता २३१!

एकच कंपनी, तेच कारखाने, तेच कामगार, तीच हिशेबाची वही. तरी एकाला ती ११० ची वाटली आणि दुसऱ्याला २३१ ची. २६ टक्क्यांसाठी रिलायन्सने १,४९१ कोटी रुपये मोजले. वेड लागलं होतं का? अजिबात नाही. रिलायन्स स्वतःच या धंद्यातली मोठी कंपनी होती. हजिऱ्याला कारखाना, आपल्या रायगडातच पाताळगंगेला कारखाना. आयपीसीएल हातात आली की देशातल्या प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा बराचसा बाजार एका छताखाली येणार होता. शेजारच्याचं शेत आपल्या शेताला जोडून मिळत असेल तर आपण दोन पैसे जास्त देतो, त्याच शेताला पुण्याचा माणूस तेवढे देणार नाही. किंमत वस्तूत जेवढी असते, तेवढीच घेणाऱ्यातही असते.

इथे एक नियम छोट्या शेअरधारकांच्या कामी आला. नोंदणीकृत कंपनीचा एवढा मोठा हिस्सा कुणी घेतला, तर सेबीच्या नियमाप्रमाणे त्याला बाकीच्यांसाठीही खुली ऑफर द्यावी लागते. रिलायन्सने २३१ रुपयांनीच आणखी २० टक्के शेअर सामान्य भागधारकांकडून घेतले. तिची मालकी ४६ टक्क्यांवर गेली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारने आपला उरलेला हिस्सा, सुमारे २९ टक्के, लोकांना विकला. भाव १७० रुपये. दोन वर्षांपूर्वीचे २६ टक्के २३१ ला आणि त्याहून मोठा हिस्सा १७० ला? कंपनी मधल्या काळात बुडाली नव्हती. फरक एवढाच की २००२ च्या शेअरसोबत कंपनीच्या चाव्या मिळत होत्या. २००४ मध्ये चाव्या आधीच दुसऱ्याकडे होत्या, विकायला उरला होता तो नफ्यातला वाटा. शिवाय तेव्हा सरकार ओएनजीसी, गेल अशा आणखी कंपन्यांचे शेअरही काही आठवड्यांत एकापाठोपाठ एक विकत होतं. बाजारात सगळ्यांनी एकदम आंबे आणले की पेटीचा भाव काय होतो, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

तर, तुम्ही-आम्ही ॲपवरून १० शेअर घेतो तेव्हा आपण १७० वाला सौदा करत असतो. चाव्यांशिवायचा. त्यात वाईट काही नाही, नफ्यातला वाटा हाही वाटाच. पण "अमुक उद्योगपतीने घेतली म्हणजे आपणही त्याच भावाने घ्यावी" हे गणित किती फसवं आहे, ते नागोठण्यावरून कळावं. आणि फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तर तो वाटाही नसतो, तिथे नुसत्या भावावर पैज असते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, असं सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात आहे. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. कॉलेजची फी आठवून बघा.

२००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली. आयपीसीएलच्या पाच शेअरमागे रिलायन्सचा एक. त्या दिवसापासून नागोठण्याला स्वतःचा भाव उरला नाही. रिलायन्सच्या तेल, मोबाइल, किराणा दुकानं या सगळ्यांच्या बेरजेत तो कुठेतरी आहे. उद्या नागोठण्यात काही चांगलं किंवा वाईट झालं, तर त्या रेघेवर बहुधा ओरखडासुद्धा दिसणार नाही.

डोलवीची गोष्ट थोडक्यात. तिथला पोलाद कारखाना इस्पात इंडस्ट्रीजचा होता. कर्जाचा डोंगर झाला, शेअर रसातळाला गेला. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने ४१.२९ टक्के हिस्सा २,१५७ कोटींना घेतला, शेअरमागे १९ रुपये ८५ पैशांनी. पुढे विलीनीकरणात इस्पातच्या ७२ शेअरमागे जेएसडब्ल्यूचा एक शेअर मिळाला. बहात्तर! २० रुपयांचा शेअर स्वस्त म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. कारखाना मात्र तिथेच आहे आणि आज त्याची क्षमता वर्षाला १ कोटी टनांवर गेलीय. भट्ट्या चालू राहिल्या, मालक बदलला, आणि जुन्या भागधारकाच्या हातात बहात्तराचा एक राहिला.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट कुठेच धरली जात नाही. नागोठण्याच्या कारखान्यासाठी आजूबाजूच्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या सरकारी प्रकल्प म्हणून. त्या बदल्यात घरटी नोकरीची आशा होती. नंतर मालक बदलला, शेअरचे भाव ११०, १३१, २३१, १७० असे फिरले, विलीनीकरण झालं, आणि प्रकल्पग्रस्तांची नोकऱ्यांची मागणी मात्र कितीतरी वर्षं सुरूच राहिली. २३१ रुपयांत जमीन होती, यंत्रं होती, बाजारातला दबदबा होता. दिलेला शब्द होता का? भाव ठरवताना बोली लावणारा माणूस देणी मोजतो, पण कागदावर असलेली. शेअर बाजार वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तो जे मोजायला बसलाय तेच मोजतो. आपण मात्र त्या एका आकड्याला कंपनीची 'खरी किंमत' म्हणून मोकळे होतो.

माणगाव तालुक्यातल्या मुलांसाठी यात आणखी एक गंमत आहे. ताम्हिणीच्या रस्त्याला विळे-भागाड एमआयडीसीत पोस्कोचा पोलादी पत्र्यांचा मोठा कारखाना आहे. कोरियन कंपनी. तिचा गेट तुम्ही बाइकवरून जाऊन बघू शकता, पण तिचा शेअर मुंबई शेअर बाजारात नाही. तो सोलमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये विकला जातो. विळ्यात शिफ्ट बदलते तेव्हा न्यूयॉर्कचा कुणीतरी झोपेत असतो आणि उठल्यावर या कंपनीचा भाव ठरवतो.

ॲप आहेच हातात, तर आज भावाच्या रेघेखाली थोडं स्क्रोल करा. 'शेअरहोल्डिंग पॅटर्न' असं काहीतरी दिसेल. प्रवर्तकांकडे किती टक्के, त्यातले तारण किती, म्युच्युअल फंडांकडे किती, आपल्यासारख्यांकडे किती. दर तीन महिन्यांनी कंपनीला ही माहिती जाहीर करावीच लागते. कंपनी कुणाची आहे आणि उद्या कुणाच्या विकण्याने भाव हलू शकतो, ते त्या एका तक्त्यात दिसतं.

आणि ज्यांच्याकडे रिलायन्सचा किंवा जेएसडब्ल्यूचा एकच शेअर आहे त्यांच्यासाठी. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस तुमच्या ईमेलवर येते, बहुतेक जण ती न उघडताच पुढे सरकवतात. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या सभा आता ऑनलाइन होतात. बोलायचं असेल तर आधी नाव कसं नोंदवायचं, ते त्या नोटिशीत दिलेलं असतं. शेअर एक असला तरी नाव नोंदवता येतं. नागोठण्याबद्दल, डोलवीबद्दल जे विचारायचं आहे ते तिथे, अध्यक्षांसमोर विचारता येतं.